लाली घालवणारे थेंब

प्रिय अनय आणि रेवा,

गेल्या रविवारी रेवाने मला व्हिडिओ कॉलवर एक इवलीशी बाटली दाखवली. "आजी, कितीही वेळ लॅपटॉपवर बसले तरी हे टाकलं की दोन मिनिटांत डोळे पांढरेशुभ्र!" मी चष्मा चढवला आणि बाटली कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितली. बारीक अक्षरांत औषधाचं नाव होतं, ब्रिमोनिडीन. मग रेवा, तू ती बाटली कोटाच्या खिशात टाकलीस आणि शेजाऱ्यांचं बाळ सांभाळायला निघालीस. मी एवढंच म्हटलं, "बाटली उंचावर ठेव गं." तू "हो हो" म्हणालीस आणि फोन बंद केलास.

त्या "हो हो"ने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकाने माझ्याकडे दुकानाच्या आठवणी मागितल्या आहेत. त्यांना चालणार असेल तर त्यांनी हेच छापावं. मी फार्मसी इंग्रजीतून शिकले, तुमच्याशीही फोनवर निम्मं इंग्रजीच बोलते. पण ज्यांच्याबद्दल सांगायचंय ती माणसं माझ्याशी एक शब्दही इंग्रजीत बोलली नव्हती. त्यांचं बोलणं इंग्रजीत घातलं की ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायला लागतं. म्हणून मराठीतच लिहिते. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

तुमच्या आजोबांची नोकरी कारखान्यात, म्हणून आम्ही तेलगावला आलो आणि चौकाजवळ मी मेडिकल टाकलं. एकोणतीस वर्षं चालवलं. माझी शिस्त गावात प्रसिद्ध होती. गोळ्या नावाच्या क्रमाने, डोळ्यांची औषधं वेगळ्या कप्प्यात, आणि चिठ्ठीशिवाय देऊ नये ते देत नाही म्हणजे नाही. मागून लोक मला "हेडबाई" म्हणत. कायमच्या रुग्णांचं औषध कधी संपणार ती तारीख मी एका वहीत लिहून ठेवत असे. तारीख उलटून चार दिवस झाले तरी माणूस आला नाही, की कुणाकडून तरी निरोप धाडायचा, आणि तरीही नाही आला तर आपण स्वतः जायचं, हा माझा नियम होता.

हा नियम सगळ्यात जास्त लागायचा काचबिंदूवाल्यांना. मोतीबिंदू सगळ्यांना माहीत असतो, शस्त्रक्रिया केली की दिसायला लागतं. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्याच्या आत पाणी झिरपत असतं आणि बाहेर जात असतं. ते तुंबलं की आतला दाब वाढतो आणि नजरेची नस हळूहळू वाळते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडांकडून आत आत आवळत येते आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकायचे ते उरलेली राखण्यासाठी, जन्मभर, वेळच्या वेळी. आता सांगा, ज्या औषधाने बरं वाटत नाही, उलट तोंड कोरडं पडतं आणि पेंग येते, ते माणसाने रोज का टाकावं? हा प्रश्न मला शेकड्यांनी विचारला गेला. सगळ्यात खमकेपणाने विचारला तो कौसाबाईंनी.

कौसाबाई गावाबाहेरच्या वस्तीवरच्या. साठीच्या पुढच्या, सडसडीत, तोंडाने फटकळ. मुलगा भागवत आणि सून सुनीता दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते पार होळीनंतर परतायचे. तेवढे महिने घर आणि दोन शेळ्या कौसाबाईंच्या हवाली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्यांना दोन्ही डोळ्यांचा काचबिंदू सांगितला होता. डावा डोळा निम्मा गेला होता.

"ताई, टाकले तरी तेवढंच दिसायलंय, न्हाई टाकले तरी तेवढंच. मग कावून टाकू?"

"तेवढंच राहावं म्हणून टाकायचे."

"म्हंजे फायदा काय न्हाईच की!"

"अहो, तोटा होत नाही हाच फायदा."

"हे लई भारी दुकान हाय बाई तुमचं," म्हणून त्या बाटली पदरात बांधून जायच्या आणि महिन्याची बाटली अडीच महिने पुरवायच्या.

आता सलीमभाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या एका वाक्यापासून सुरू झालं. माझ्या समोरच त्यांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं. गोरापान माणूस, आणि नाक-गाल कायम लालबुंद. ऊन लागलं, गरम चहा प्याला, तिखट खाल्लं की आणखी लाल. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला हा माणूस, पण नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "काय बे, सकाळीच घेतली का?"

"म्याडम," ते मला म्हणाले होते, "मशिदीत माझ्या बाजूला उभा राहणारा बी हुंगून बघायला लागला. आता सांगा, कुणाकुणाला तोंड उघडून दाखवू?"

मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तो एक आजारच असतो, चेहऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून राहतात. डॉक्टरांनी एक जेल लिहून दिलं. वाटाण्याएवढं घ्यायचं, सकाळी एकदा, पातळ लावायचं, डोळे-ओठ टाळायचे, हात धुवायचे. अर्ध्या तासात रक्तवाहिन्या आकसतात आणि चेहरा निवळतो. संध्याकाळपर्यंत टिकतं. पण मुळापासून बरं करत नाही, आणि काहींना उतरताना लाली आधीपेक्षा जास्त येते. हे मी त्यांना दोनदा बजावलं होतं.

मुलीला बघायला पाहुणे यायच्या दिवशी त्यांनी सकाळी एकदा लावलं, दुपारी भीती वाटली म्हणून आणखी जाडसर लावलं. पाहुण्यांना उशीर झाला आणि ऐन बोलणीत सलीमभाईंचा चेहरा पेटला.

"मग?" मी घाबरून विचारलं.

"मग काय! पोराकडच्यांना वाटलं मी चिडलो. हुंड्यात मोटारसायकलचा विषय काढणार होते, काढलाच न्हाई. चहा पिऊन, पोरगी पसंत सांगून उठले!"

आम्ही दोघं पोट धरून हसलो. तेवढ्यात कौसाबाई आल्या, आपली रिकामी बाटली काउंटरवर आपटली. सलीमभाईंना मोटारींवरची इंग्रजी अक्षरं वाचायची सवय. त्यांनी बाटली उचलली, खिशातली ट्यूब काढली आणि दोन्ही शेजारी धरल्या.

"म्याडम, नाव तर एकच हाय दोन्हीवर. ह्यांच्याबी डोळ्याची लाली घालवायचं का हे?"

औषध एकच होतं. डोळ्यात ते पाणी झिरपणं कमी करून दाब उतरवतं, आणि जाता जाता डोळ्यातल्या लाल रेषाही आकसवतं. चुलीच्या धुराने कौसाबाईंचे डोळे कायम लाल असायचे. मला वाटलं, बाई रोज थेंब टाकेल असा धागा हाती लागला. काउंटरखाली थेंब टाकायला शिकवण्यासाठी ठेवलेला आरसा होता. नवी बाटली फोडून त्यांच्या डोळ्यांत एकेक थेंब टाकला, नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबायला लावला, म्हणजे औषध नाकातून अंगात उतरत नाही. थोडा वेळ बसवून ठेवलं आणि मग आरसा पुढे धरला.

कौसाबाई बघतच राहिल्या. "आगं बया! लग्नातल्यासारखे डोळे झाले की माझे!"

"बघा, लाली गेली ना? रोज दोनदा टाकलं तर असेच राहतील."

ते खरं होतं. पण अर्धं होतं. त्यानंतर कौसाबाईंची बाटली बरोबर महिन्याने संपू लागली. मी खूश. आरशाची युक्ती मी आणखी तीन-चार जणांवर चालवली.

त्या वर्षी भागवत आणि सुनीता ऊसतोडीला गेले तेव्हा दीड वर्षाची आरोही आजीपाशी राहिली. मागच्या हंगामात फडावरच्या थंडीने तिची छाती भरली होती, म्हणून. आरू म्हणायचे तिला. कौसाबाई तिला खांद्यावर टाकून दुकानात यायच्या आणि ती काउंटरवरची खोकल्याच्या गोळ्यांची बरणी दोन्ही हातांनी बडवायची.

एका सकाळी अकराच्या सुमाराला कौसाबाई आल्या तेव्हा आरू खांद्यावर होती, पण बरणीकडे झेपावली नाही.

"ताई, पोरीला ताकदीचं कायतरी द्या. सकाळधरनं नुसती झोपायलीय. दूध बी घेत न्हाई."

मी तिचा चेहरा वळवून बघितला. रंग उतरलेला, हात गार, मान लुळी. पापणी उचलली तर बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. श्वास इतका सावकाश की पुढचा येतो की नाही याची वाट बघावी लागत होती.

"काय दिलंत हिला?"

"काय न्हाई."

"खोकल्याचं औषध? झोपावं म्हणून काही चाटवलंत?"

कौसाबाई भडकल्या. "मी काय पोरीला आफू चारीन व्हय? माझी नात हाय ती!"

"मग दुसरं काही? आठवा. काहीही."

"आवं न्हाई म्हंते ना! डोळे आलेत तिचे, वस्तीवर समद्या लेकरांचे आलेत. लालभडक झालते. म्हनून ते आपले थेंब टाकले, लालीचे. न्हाई गेली लाली तर आनखी टाकले. तुमीच तर दाखवलंत आरशात!"

त्यांनी पदराची गाठ सोडून बाटली काउंटरवर ठेवली. कौतुकाने ठेवली, बघा मी किती लक्षात ठेवलं, असं.

मुलांनो, मोठ्या माणसाला ज्या औषधाने जरा पेंग येते, तेच दोन वर्षांखालच्या लेकराच्या मेंदूला गुंगी आणतं. नाडी मंदावते, अंग गार पडतं, श्वास थांबू शकतो. हे मला परीक्षेपासून माहीत होतं. बाटलीच्या आत घडी घालून ठेवलेल्या कागदावरही छापलेलं असतं. मी काचबिंदू सांगितला होता, तोंड कोरडं पडेल हे सांगितलं होतं, बोट कसं दाबायचं ते शिकवलं होतं. हे एक सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या बाईला कशाला सांगायचं, असंही मनात आलं नव्हतं. काहीच आलं नव्हतं.

"सलीमभाई! गाडी!"

दुरुस्तीला आलेली कुणाची तरी जीप त्यांनी विचारपूस न करता काढली. अँब्युलन्सला फोन लावला तर गाडी दुसऱ्या गावाला गेलेली. आम्ही अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलो. आरू माझ्या मांडीवर, बाटली माझ्या मुठीत. घाटातल्या वळणांवर मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते. मध्येच हात वर येईना. मी तळपायाला टिचकी मारली. परत मारली. तिने श्वास घेतला. कौसाबाईंना मी तळपाय चोळत राहायला सांगितलं, पण त्या पोरीला हाका मारण्यातच गुंतल्या, म्हणून मग दोन्ही मीच केलं. सलीमभाई सारखे आरशातून मागे बघत विचारायचे, "हाय ना म्याडम? हाय ना?" मी म्हणायची, "आहे. पुढे बघा."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. मी बाटली त्यांच्या हातात दिली. नाव वाचताक्षणी त्यांनी पोरीला उचललं, ऑक्सिजन लावला, नाडी बघायच्या यंत्राला जोडलं, गरम कपड्यांत गुंडाळलं. उतारा असा खात्रीचा नाही, म्हणाल्या. श्वास सांभाळत औषध अंगातून उतरायची वाट बघायची.

मग त्यांनी विचारलं, "हे थेंब लाल डोळ्यांत टाकायला कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडणार, त्याच्या आत कौसाबाई म्हणाल्या, "कुनी न्हाई. माझंच डोस्कं फिरलं. मीच येडी."

आणि मी गप्प राहिले.

हे तुमच्या आईलाही माहीत नाही. मी गप्प राहिले, आणि डॉक्टर बाई म्हणाल्या, "मेडिकलवाल्या ताईंनी बाटली बरोबर आणली म्हणून बरं झालं," तेव्हाही गप्प राहिले.

संध्याकाळी आरूने डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नर्सचा पेन ओढला आणि दूध मागितलं. सलीमभाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून रडले. चेहरा एवढा लाल झाला की शिपाई त्यांना हुसकायला आला. "मी प्यायलेलो न्हाई हो, मी रडायलोय," असं त्यांना सांगावं लागलं.

माझी गोष्ट इथे संपली असती तर मी ती सगळ्यांना अभिमानाने सांगत हिंडले असते.

भागवत आणि सुनीता फडावरून धावत आले. मुकादमाने चार दिवसांची सवड दिली होती. जाताना पोरीला बरोबर घेऊन गेले, थंडी असो नाहीतर काही. "आईच्या हाती आता लेकरू न्हाई," भागवत वस्तीवर सगळ्यांदेखत म्हणाला, हे मला सलीमभाईंनी सांगितलं.

पुढच्या महिन्यात वहीतली कौसाबाईंची तारीख उलटली. चार दिवस, आठ दिवस. सलीमभाईंकडून निरोप धाडला. ते परत आले ते मान हलवत. "नको म्हणायलेत. म्हणे ज्यानं लेकराचा जीव चालला होता ते माझ्या डोळ्यात कशाला." त्याच्या पुढच्या महिन्यातही तारीख उलटली. माझा नियम होता ना, आपण स्वतः जायचं? गेले नाही. वहीतलं ते पान मी नुसतं उलटत राहिले. त्यांच्यासमोर बसायची मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती. इतक्या वर्षांचं दुकान, हेडबाई हे नाव, मी चुकले असं एकदा म्हटलं की उद्या कोण विश्वास ठेवेल, अशी भीती.

होळी झाल्यावर बाजाराच्या दिवशी मी कौसाबाईंना बघितलं. रस्त्याच्या डाव्या बाजूला एक मोटारसायकल उभी होती. त्या सरळ चालत येऊन तिच्यावर आदळल्या. पडल्या, उठल्या आणि उभ्या मोटारसायकलला शिव्या घालू लागल्या. पोरं हसली. मला मात्र कळलं, डावी बाजू त्यांना दिसतच नव्हती.

मी त्याच दिवशी दुपारी वस्तीवर गेले. ऊसतोडीवाले परत आले होते. सुनीता अंगणात ज्वारी निवडत होती, आरू तिच्या पाठीला चिकटलेली. कौसाबाई लांब शेळ्यांपाशी एकट्याच बसलेल्या. भागवतने बाज टाकली. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. आरशाचं सांगितलं, काय सांगायचं राहिलं ते सांगितलं.

"त्यांची चूक नाही. डोळे लाल झाले की हे टाकायचं, हे मीच त्यांच्या डोक्यात भरवलं."

सुनीताने सूप बाजूला ठेवलं.

"मंग तवा दवाखान्यात कावून न्हाई बोलल्या तुमी?"

"भ्याले."

"कशाला?"

"दुकानाला. माझ्या नावाला."

"आन् आमी चार महिनं आमच्या म्हातारीला बोलत बसलो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी कौसाबाईंपाशी गेले. "तुम्ही का नाही सांगितलंत माझं नाव?"

त्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "तुमी गाडीत पोरीचा तळपाय चोळायल्या होत्या. तवा कसं सांगू तुमचं नाव?"

सुनीता उठली. आरूला उचलून तिने सासूच्या मांडीवर बसवलं, आणि माझ्याकडे हात पुढे केला. "आणली का बाटली? कसे टाकायचे ते मला दाखवा. आजधरनं मी टाकते."

मी बाटली नेली होती. बोट कुठे दाबायचं ते तिने एकदाच बघितलं आणि चोख केलं. मग भागवतने आढ्याच्या लाकडाला खिळा ठोकून, लेकराचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, एक डबा टांगला. त्यानंतर माझ्या दुकानातून प्रत्येक डोळ्याच्या बाटलीबरोबर हे वाक्य जाऊ लागलं: ज्याची त्यानेच टाकायची, आणि लेकरांच्या हाताबाहेर ठेवायची. ते मी प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्यायची. अंगावर पाजणारी बाई असेल, मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा, हेही. आणि सहा-आठ महिन्यांनी ह्याच थेंबांनी डोळे उलट लाल होऊन खाजू लागले तर तसेच टाकत बसू नका, दाखवायला जा. कौसाबाईंना मी पुन्हा अंबाजोगाईला घेऊन गेले, तेव्हा त्याच डॉक्टर बाईंना शोधून काढलं आणि त्यांच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या, आणि रागावायलाच हव्या होत्या.

मी औषधावर राग धरलेला नाही, तुम्हीही धरू नका. सलीमभाई अजून जेल लावतात, एकदाच आणि पातळ. रेवा, तुझी बाटली माझ्या दुकानातल्यापेक्षा पुष्कळ सौम्य आहे आणि तुझ्यासाठी ती ठीक असेल. पण बाळाच्या घरी ती नेऊ नकोस. खिशात नको, बॅगेत नको. आणि तुझ्याकडून कधी काही चुकलंच, आणि कुणी विचारलं की कुणी केलं, तर दुसरं कुणी बोलायच्या आत बोल.

दुकान मी दोन वर्षांपूर्वी विकलं. आरू आता तिसरीत आहे, पाढे मोठ्याने म्हणते आणि शेळ्यांना घाबरते. कौसाबाईंचा डावा डोळा गेला. उजवा आहे. त्याला कडेचं काही दिसत नाही, पण समोर बसलं तर माणूस ओळखू येतं.

तुमची आजी